बाईंचं ‘नको’ आणि भाऊंचा रॅम्प

आता तुम्हाला वाटणार, दिव्यांग पोरांना खेळणी देणारी बाई म्हणजे पांढरी कॉटनची साडी, आवाजात गूळ, डोळ्यांच्या कडेला पाणी, आणि शेवटी मी तुम्हाला रडवणार. काही जणांनी रुमाल पण काढून ठेवला असेल. ठेवा तो परत खिशात, घाम पुसायला कामाला येईल. आमच्या बाई साडीवर स्पोर्ट शूज घालायच्या, चष्मा लूमच्या धाग्याने गळ्यात बांधायच्या, आणि पहिल्या भेटीत मला जे पहिलं वाक्य बोलल्या ते होतं, “हे कुत्रं कोणी धुतलं?”

कुत्रं खेळण्यातलं. त्याची गोष्ट सांगतो, आधी खोली सांगतो.

भिवंडीत कामतघरला आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत कांडी मशीनचा, म्हणजे लूमसाठी कांड्यांवर सूत गुंडाळायचा गाळा आहे, त्याला लागून बाईंची खोली. बाहेर बोर्ड नव्हता. बोर्ड लावला की लोक आधी कनवाळू होतात आणि मग आत येतात, असं त्यांचं म्हणणं. आत भिंतभर फळ्या, फळ्यांवर खेळणी. वाचनालयातून पुस्तक न्यावं तसं खेळणं न्यायचं, खेळायचं, परत आणायचं, दुसरं न्यायचं. खेळणी साधीच, पण प्रत्येकाचं ऑपरेशन झालेलं. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या पोटाखालचं वाटाण्याएवढं बटण काढून त्याला वायरने बशीएवढं लाल बटण जोडलेलं, म्हणजे मूठ, कोपर, हनुवटी, जे लागेल ते आपटलं तरी कुत्रं भुंकणार. लाकडी कोड्याच्या प्रत्येक तुकड्याला रिकामी कांडी चिकटवलेली, म्हणजे ज्याची बोटं उघडत नाहीत त्याला धरता यावं. भिवंडीत कांड्यांना तोटा नाही. बाकी गावांत पोरं चिंचोके गोळा करतात, आमच्याकडे कांड्या.

बाईंना मराठी बायका बाई बोलायच्या, यूपीवाल्या मॅडमजी, मुसलमान बायका बाजी. आधी काय करायच्या ते कोणाला माहीत नव्हतं. कोण बोलायचं बँकेत होत्या, कोण बोलायचं बालवाडीत. ओरडण्याची क्वालिटी बघता मला वाटायचं, पोलीस ट्रेनिंगला.

खोलीत सगळं बरोबर होतं, फक्त दाराला पायऱ्या होत्या. उंच, दगडी, कडेने झिजलेल्या. ज्यांची पोरं चालत नाहीत त्यांच्यासाठीची खोली, आणि तिला पायऱ्या. आमची मैत्री, म्हणजे ताईची पोरगी, माझी भाची, सात वर्षांची. हातपाय तिचं ऐकत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही, पण समजतं सगळं, आणि हसते अशी की समोरच्याला वाटतं आपली चेन उघडी आहे. लहान होती तोवर ताई तिला कडेवर घेऊन चढायची. आता पोरगी अंगाने भरली आणि गोडाउनमध्ये खोकी उचलून ताईची कंबर गेली. एक दिवस ताई मधल्या पायरीवर बसली ती उठेचना. मैत्री मांडीत. मला बोलली, “अरे, अजून थोडे दिवस आणीन. मग नाही जमायचं. ठेवीन घरात.”

बाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. बाई काही बोलल्या नाहीत की समजायचं, कोणाचं तरी काही खरं नाही.

तर कुत्रं. ताईची शिफ्ट होती म्हणून ते परत करायला मी गेलेलो. आमच्या आईचा कायदा आहे, मागून आणलेली वस्तू आणली त्यापेक्षा बरी करून द्यायची आणि शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. त्यामुळे ते कुत्रं आणल्या दिवसापासून पन्नीत, शोकेसमध्ये, माझी मिमिक्रीची ट्रॉफी आणि प्लास्टिकची फुलं यांच्या मध्ये. मैत्रीला ते लांबून दाखवायचं. पाहुणे आले की त्यांना पण दाखवायचं. परत द्यायच्या दिवशी आईने ते टूथब्रशने घासलं, टॉवेलने पुसलं, वर पावडर मारली आणि सोबत वाटीभर चिवडा दिला.

बाईंनी कुत्रं नाकाला लावलं. मला वाटलं पापी घेतायत. वास घेत होत्या.

“हे कुत्रं कोणी धुतलं? लाळेचा वास नाही. पावडरचा येतोय.”

“आईने.”

“कोणी चावलं?”

“नाही.”

“आपटलं?”

“नाही हो बाई. एकदम जपून ठेवलेलं, पन्नी पण काढली नव्हती.”

“मग नेलं कशाला? दर्शनाला?”

मग त्यांनी फळीवरून एक ट्रक काढला. एक चाक गायब, टपावर दातांचे ठसे, ड्रायव्हरच्या जागी सुकलेली खिचडी. “हा शेलार गावच्या एका पोराने नेला होता,” कौतुकाने बोलल्या, जसं काय त्या पोराने बोर्डात नंबर काढला. “ह्याला खेळणं म्हणतात. कुत्रं परत घेऊन जा. कान तुटल्याशिवाय आणायचं नाही. चिवडा ठेव.”

घरी येऊन मी आईला बाईंचा सीन आवाजासकट करून दाखवला. आईला हसू नाही आलं. तिचा जीव वाटीत. “चिवड्याला काय बोलल्या?” पुढच्या खेपेला कुत्रं एका कानाचं झालं. बाईंनी वास घेतला, नख फिरवलं आणि बोलल्या, “छान. घाण आहे.”

माझं सांगायचं तर मी मोबाइल कव्हरच्या दुकानात बसतो, आणि हळदीच्या कार्यक्रमात मिमिक्री करतो. लूम चालू होताना आधी खोकतो तसा आवाज, चढावरची जुनी रिक्षा, मंडपात हरवलेल्या पोराची अनाउन्समेंट, हे सगळं मला येतं. बाई पण येतात. पण बाईंची नक्कल स्टेजवर चालत नाही. कारण बाईंचा मेन आयटम म्हणजे गप्प बसणं.

त्या प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. आपण थांबतो तसं नाही. नाक्यावर रिक्षावाल्याला विचारणार, “कामतघर?” आणि थांबणार. रिक्षावाला बोलणार, “बैठो ना बाजी.” बाई उभ्याच. मागे हॉर्न, टेम्पो, एक बकरी. “बैठो, देखते हैं.” बाई उभ्याच, चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही, नुसत्या त्याच्याकडे बघत. शेवटी तो हात जोडतो, “हाँ मेरी माँ, हाँ, कामतघर.” मग बसणार. फोनवर तर लोक चार वेळा हॅलो हॅलो करून कट करायचे. त्यांच्या त्या शांततेत माणसाला काय पण कबूल करावंसं वाटतं. मी एकदा सांगून टाकलं की साबणाच्या फुग्यांच्या मशीनमधलं पाणी मी सांडलं. त्यांनी विचारलेलं फक्त, “चहा घेणार?”

मी विचारलं, बाई, असं का करता? तर बोलल्या, “मैत्रीला उत्तर द्यायला वेळ लागतो. तुम्ही एक प्रश्न विचारता, तिचा हात निघेपर्यंत अजून पाच टाकता, आणि मग बोलता पोरीला काही कळत नाही. मला सवय राहावी म्हणून सगळ्यांसाठीच थांबते.”

“रिक्षावाल्यासाठी पण?”

“त्याला जास्त वेळ लागतो.”

दुसरी सवय कात्रीची. एकदा ठाण्याच्या बाजूच्या काही मॅडम गाडीतून आल्या, भलं मोठं टेडी घेऊन. रिबीन, चकचकीत कागद, सोबत फोटो काढायला एक पोरगी. “किती गोड आहेत ना बिचारी,” एक मॅडम बोलली. बाईंनी टेडी हातात घेतलं, उलटं केलं, कात्री काढली आणि खालून शिवण टरकन उसवली. कापूस बाहेर. मॅडमच्या तोंडाचा आ. “अहो, अहो, हे काय?”

“पोट रिकामं करतेय. बटण कुठे बसवू मग?”

कापूस उडतोय, पोरं खिदळतायत, आणि फोटोवाली पोरगी मोबाइल खाली करून उभी. टेडीचं पोस्टमार्टम कुठल्या ग्रुपवर टाकणार ती? पुढच्याच आठवड्यात बटण दाबलं की ते टेडी थरथरून हसायला लागलं. मॅडमनी येऊन बघायला पाहिजे होतं, पण त्या काही फिरकल्या नाहीत. त्यांना वाटलं असेल, आता आपला नंबर.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ‘नको’. हे नीट ऐका, कारण पुढचा सगळा राडा ह्याच्यावर आहे.

बाईंकडे एक बोलकं बटण होतं. त्यात एक शब्द रेकॉर्ड करायचा, दाबलं की बटण तो शब्द बोलणार. इलॅस्टिकच्या पट्ट्याने मैत्रीच्या डाव्या मनगटावर बांधायचं, ती उजवी मूठ आपटणार. आता शब्द कोणता? ताईला पाहिजे होतं ‘आई’. माझ्या आईला पाहिजे होतं ‘जय भीम’. मला पाहिजे होतं ‘मामा एक नंबर’. बाई बोलल्या, पहिला शब्द ‘नको’. सगळ्या घरांना हाच. दुसरा कोणताही शब्द नंतर.

“अहो, पहिलाच शब्द नको?” ताई बोलली. “अपशकुनी वाटतं.”

“ही नको कसं बोलते आता?”

बाई थांबल्या.

“रडते,” ताई बोलली.

“आणि तुम्ही काय करता?”

“गप्प करते.”

“तिला कोणीपण भरवतं, उचलतं, गालाला चिमटे काढतं, मांडीवर घेऊन फोटो काढतं. तिला नको बोलायची सोय नाही. आधी ती सोय. आणि कायदा एकच. तिने नको दाबलं की थांबायचं. कोणी पण असो. घास तोंडापाशी असला तरी थांबायचं.”

मला वाटलं, आता आई बाईंशी भांडणार. पण आई बोलली, “बरोबर हाय. आपल्या लोकांनी आधी नकोच म्हटलं. जय भीम मागून आलं.” बाईंनी पहिल्यांदा आईकडे नीट बघितलं. त्या दिवशी वाटी रिकामी परत आली नाही, बाईंनीच त्यात खारी घालून दिली.

आवाज कोणाचा, ह्याच्यावर मी छाती पुढे काढली. बाई बोलल्या, सात वर्षांच्या मुलीचा आवाज पाहिजे. मी काढला. बाई थांबल्या. मी परत काढला. बाई बोलल्या, “ही मुलगी सिगारेट ओढते.” शेवटी शेजारच्या लूमवाल्यांची रुखसार आली, मैत्रीच्याच वयाची. तिला नको बोलायला सांगितलं तर ती बोलली “नक्को.” मी म्हटलं, बाई, क वाढला. बाई बोलल्या, राहू दे, जोर आहे.

घरात राडा सुरू झाला. आई दुधी भरवतेय, “नक्को.” आईचा चमचा हवेत. तेल लावतेय, “नक्को.” मावशी गाल ओढायला आली, “नक्को,” मावशीचा हात परत पदरात. माझ्या जोकला पण “नक्को.” आई कुरकुरायची, पोर उपाशी राहील म्हणून. उपाशी कसली, दुधी बंद झाल्यापासून भाकरी दोन घास जास्त खायला लागली.

आता भाऊ. भाऊ शेलार गावचे. नगरसेवक होते, होणार होते की होता होता राहिले, ते नक्की कोणाला माहीत नव्हतं, पण बॅनर बारमाही. त्यांचं एकच भाषण, जे मी हळदीत करतो आणि त्यालाच सगळ्यात जास्त शिट्ट्या पडतात: “आपल्याला पद नको हाय. आपल्याला खुर्ची नको हाय. आपल्याला निस्ता तुमचा आशीर्वाद पायजे.”

ताई पायरीवर बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई भाऊंच्या ऑफिसात गेल्या. मी सोबत, कारण मला नकलेसाठी मटेरियल पाहिजे होतं.

“रॅम्प पाहिजे,” बाई बोलल्या.

“रॅम्प?” भाऊंचे डोळे चमकले. “देऊ की. केवढा?”

“लांब. आखूड केलात तर उपयोग नाही. वरून खाली हळूहळू उतरणारा.”

“त्याच्यावर पोरा चालनार?”

“चालणारी चालतील, बाकीची चाकांवर.”

“वा. लायटिंग?”

“असली तर बरं.”

“कारपेट?”

“पाय घसरला नाही म्हणजे झालं.”

“झाला समजा. त्याच दिवशी खेळनी वाटप पन करू.”

“आम्ही वाटत नाही. उसनी देतो.”

“तेच ते. वाटप.”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं त्यांना मधल्या पायरीवरची ताई दिसली असणार. नाहीतर वाटप शब्दावर बाई गप्प बसतात?

कार्यक्रमाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मैदानात मंडप. बॅनर: ‘भव्य खेळणी वाटप व रॅम्प अर्पण सोहळा’. फोटोत भाऊ फळीएवढे, पोरं कांडीएवढी. भाऊंच्या पोरांनी बाईंच्याच खोलीतली खेळणी गिफ्ट पेपरात गुंडाळलेली. तो चावलेला ट्रकसुद्धा. शेलारच्या पोराने कागद फाडला, आपलाच ट्रक बघितला आणि ओळखीचा माणूस भेटल्यासारखा त्याला परत चावला.

आणि मंडपाच्या मध्ये रॅम्प. स्टेजपासून पब्लिकच्या मधोमध उतरत गेलेला, लांबच लांब, लाल कारपेट, दोन्ही कडांना पिवळे बल्ब, बाजूला धुराचं मशीन. बाई बघत राहिल्या.

“कसा हाय?” भाऊ बोलले. “मागं पडघ्याला फॅशन शो केलता आपन, तोच मंडपवाला. तुमी सांगितला तसाच, लांब नि उताराचा.”

बाईंनी आधी रॅम्पकडे बघितलं, मग गल्लीकडे. “भाऊ, रॅम्प इथे आहे. पायऱ्या तिकडे आहेत.”

“पायऱ्यांचा काय?” भाऊंना खरंच कळलं नाही. तेवढ्यात डीजेने त्यांचं नाव घेतलं आणि ते स्टेजवर गेले.

आता माझा पार्ट. आदल्या दुपारी मी मैत्रीचं बटण घेऊन रुखसारचा आवाज पुसला आणि भाऊंचा भरला. मी काढलेला भाऊ. “आपल्याला नको हाय.” मैत्री एवढी हसली की खुर्ची हलली. रात्रीपर्यंत दाबत होती. मी म्हटलं, चालतंय, प्रॅक्टिस होतेय.

भाऊ माइकवर बोलले, “हा रॅम्प आज मी या लेकरांना अर्पन करतो.” टाळ्या. मग खाली उतरले, व्हीलचेअरमधल्या मैत्रीला न विचारता काखेत हात घालून उचललं आणि बोलले, “चल गं माये, तुला रॅम्पवर चालवतो.” गाणं लागलं, धूर सुटला, कॅमेरे पुढे. भाऊंच्या एका हातावर मैत्री, दुसऱ्या हातात माइक. मैत्रीचं अंग कडक झालं. अनोळखी माणसाने उचललं की तिचं होतं तसं. मूठ वर गेली आणि बटणावर आली. बटण माइकच्या शेजारी.

“आपल्याला नको हाय,” अख्ख्या मैदानात आवाज घुमला.

टाळ्या. लोकांना वाटलं भाऊ बोलले. भाऊंना वाटलं डीजेने त्यांचं भाषण लावलं. त्यांनी डीजेला खुशीत मान डोलवली. मूठ परत. “आपल्याला नको हाय.” पब्लिक शिट्ट्या मारतंय, भाऊ चालतायत, आणि स्पीकरमागे मी पोट धरून बसलेलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात हिट शो. फक्त ताई हसत नव्हती. ती रॅम्पच्या कडेकडेने हात वर करून धावत होती, आणि मैत्री एकसारखी मूठ आपटत होती, आणि प्रत्येक आपटीला टाळ्या पडत होत्या.

बाई लाल कारपेटवर चढल्या. स्पोर्ट शूज, धाग्याचा चष्मा. भाऊंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, डीजेकडे हात केला. गाणं थांबलं.

“भाऊ, ती नको बोलतेय.”

“कोन? मी बोललो ते. माझाच आवाज हाय.”

“आवाज तुमचा. बोलली ती. उचललेलं तिला नको आहे. खाली ठेवणार?”

आणि थांबल्या.

तुम्हाला मी ते करून दाखवू शकत नाही. गाणं बंद, टाळ्या बंद, गल्लीतल्या कांडी मशीनचा आवाज यायला लागला. धुराचं मशीन मध्येच एकटं फुस्स करायचं. भाऊ इकडे बघतात, तिकडे बघतात, हसून बघतात, बाई तशाच. शेवटी भाऊंनी मैत्रीच्या तोंडाकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा. तिने त्यांच्या डोळ्यांसमोर मूठ आपटली. आता भाऊंना बटण दिसलं. त्यांनी तिला हळूच ताईच्या हातात दिलं. कान त्या कारपेटच्या रंगाचे.

“आमी एवढा रॅम्प दिला,” बोलले, “नि आमालाच नको?”

“रॅम्प पाहिजे. उचलणं नको.”

भाऊ गाडीत बसून गेले. ताई खुर्चीजवळ खाली बसलेली. बोलली, “बाई, आता पायऱ्यांचं काय हो?”

मंडपवाल्याची पोरं बल्ब काढायला लागली होती. बाई त्यांच्या सेठपाशी गेल्या. “हा कुठे नेताय?”

“गोडाउन, मॅडमजी. भाड़े का है.”

“अर्पण केलाय. सगळ्यांनी ऐकलंय. आमच्या दारात लावून देणार?”

मला त्या सेठची दया आली. त्याने आधी नाही सांगितलं, मग टोपी काढली, मग टोपी घातली, मग पाणी प्यायला. बाई उभ्याच. आता पब्लिक पण बाईंसारखं थांबायला शिकलेलं, सगळे त्याच्याकडे बघत उभे. शेवटी त्याने भाऊंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “भाऊ, वो रॅम्प मांग रहे हैं. सब लोग खड़े हैं.”

तिकडून बराच वेळ आवाज नाही. बाईंची लागण फोनवरून पण होते की काय असं मला वाटलं. मग भाऊ बोलले, “देऊन टाक. नि बॅनर काढू नको.”

संध्याकाळपर्यंत तो रॅम्प बाईंच्या पायऱ्यांवर बसला. लाल कारपेटसकट, कडेच्या बल्बच्या रिकाम्या होल्डरसकट. वर बॅनर. आता बाई जास्त करून पडघ्याला असतात, तिकडच्या बायकांनी धुतलेली खेळणी हुंगायला, पण रॅम्प आहे तिथेच आहे. कामतघरच्या गल्लीत, कांडी मशीनशेजारी, पोरं फॅशन शोच्या रॅम्पवरून आत जातात. मैत्री पहिल्यांदा गेली तेव्हा ताईने एका हाताने खुर्ची ढकलली आणि दुसरा हात नुसताच कमरेवर ठेवला, सवयीने.

ते कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी. मी पण मागून चढलो, ऐटीत, धूर सोडून सगळं होतं. मला वाटलं बाई शाबासकी देणार. म्हटलं, “बाई, बघितलंत? आपण बटणात भाऊ भरला नसता तर एवढं सगळं झालं असतं का?”

बाईंनी टेडी खाली ठेवलं. “बटणात आवाज कोणी बदलला?”

थांबल्या. त्यांना माहीत होतं, तरी थांबल्या.

“मी,” मी बोललो. “म्हणजे भाऊंचा. म्हणजे मी काढलेला भाऊंचा. मैत्रीला आवडला म्हणून.”

“घरात आवडला. घरात हसा. तिथे ती घाबरलेली होती आणि नको बोलत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते. का? तिच्या तोंडात तू त्याचंच भाषण घातलंस. कोणाला कळणार होतं ती बोलतेय म्हणून? ती जितकी आपटत होती तितक्या शिट्ट्या पडत होत्या. रडली असती तर निदान कोणीतरी थांबलं असतं. आहे तो एक शब्द, तो पण तू स्टेजवर नेलास. तुझ्या शोसाठी. कलाकार म्हणे. अरे, तू एक नंबरचा ना—”

“नक्को.”

मैत्री. मूठ बटणावर, आवाज रुखसारचा, सकाळीच बाईंनी परत भरून घेतलेला. मामाला वाचवत होती की कटकटीचा कंटाळा आलेला, ते तिलाच माहीत.

बाई थांबल्या. तोंड ‘ना’वर उघडं ते तसंच. कायदा म्हणजे कायदा, कोणी पण असो. मी हळूच मैत्रीकडे बघून डोळा मारला. ताईने पदर तोंडावर धरला. बाईंनी तोंड मिटलं, चष्मा लावला, आणि मला बोटाने खूण केली, बाहेर चल. मी पुढे, त्या मागे, लाल कारपेटवरून पूर्ण रॅम्प उतरून आम्ही खाली गल्लीत आलो. बाईंनी मागे वळून बघितलं, आत ऐकू जात नाही ना याची खात्री केली, आणि बोलल्या,

“—लायक आहेस.”